विलास सुतारांचा मुक्कामी

पेशंटला एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेण्यात काय एवढं, असं लोकांना वाटतं. ट्रॉलीवर घातला, ढकलला, झालं. मिरजेच्या या रुग्णालयात लागलो तेव्हा मलाही तसंच वाटायचं. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, आमच्या ट्रस्टींना लगेच मिरच्या झोंबतात. माझं नाव रावसाहेब मगदूम, पण त्या नावाने इथे कुणी हाक मारत नाही. ट्रॉली नेणारा तो मामा आणि चादरी-झाडलोट बघणारी ती मावशी, ही इथली रीत. पोरगेलेसे डॉक्टरसुद्धा मला मामा म्हणतात आणि साठीचे सर्जनही मामाच म्हणतात.

तर सांगत होतो काय, आयसीयूतला पेशंट हलवणं ही साधी गोष्ट नाही. पलंगावर असतो तोवर त्याला भिंतीतून ऑक्सिजन येतो, औषधाच्या पंपांना भिंतीतून वीज मिळते, दोन सिस्टर नजर ठेवून असतात. निघाला की सगळं सिलिंडरवर आणि बॅटरीवर. ट्रॉलीवर घेताना डोकं जरा खाली झालं तर ब्लडप्रेशर पडतं. लिफ्टच्या उंबऱ्यावर चाक आदळलं तर नळी सरकते. वीस मिनिटांच्या फेरीत माणसाला जे सोसावं लागतं ते पलंगावर दोन दिवसांत सोसावं लागत नाही.

आणि हे मोजायचं कसं? पूर्वी एक फॉर्म असायचा. ‘नेताना काही अघटित घडले काय?’ असा रकाना आणि त्याच्यापुढे सगळे डोळे झाकून ‘नाही’ लिहायचे. मीही लिहायचो, खोटं कशाला बोलू. पण गंमत अशी की खरं लिहायचं ठरवलं तरी लिहिता यायचं नाही. समजा वाटेत पेशंटचं प्रेशर पडलं. ते आम्ही हलवलं म्हणून पडलं, का तो पलंगावर असता तरी पडलंच असतं? एकच माणूस एकाच वेळी गेला पण आणि राहिला पण, असं थोडंच होतं.

सन २०३७ मध्ये आवटी मॅडम आमच्याकडे आल्या आणि त्यांनी तेच करून दाखवलं. डॉक्टर तन्वी आवटी, आयसीयूच्या प्रमुख, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांच्या यंत्राचं कागदावरचं नाव इतकं लांब आहे की ते म्हणेपर्यंत पेशंट सिटी स्कॅन करून परत येईल. मॅडमनी आम्हाला साध्या भाषेत समजावलं. पेशंटच्या नाडीचा, श्वासाचा, प्रेशरचा प्रत्येक ठोका मॉनिटर साठवत असतो. त्या नोंदींवरून संगणक त्या माणसाच्या शरीराचं गणित मांडतो. हृदय किती जोरात ढकलतंय, रक्तवाहिन्या किती आवळल्यात, फुप्फुसात किती हवा जाते, असं सगळं. मग आम्ही ट्रॉली घेऊन निघालो की तो गणितातला माणूस पलंगावरच राहतो. त्याला कुणी हलवत नाही. आम्ही परत आलो की खरा आणि तो शेजारी ठेवून बघायचे. दोघांत जो फरक, ते आमच्या नेण्याने झालेलं नुकसान.

एसटीची रात्री गावातच थांबणारी गाडी असते ना, तिला आम्ही मुक्कामी म्हणतो. आमच्यातल्या कुणीतरी त्या गणितातल्या माणसाचं नाव मुक्कामी ठेवलं आणि तेच पडलं. पेशंट जातो, मुक्कामी राहतो. आता मॅडमसुद्धा तेच म्हणतात.

मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं की मुक्कामी खरं बोलतो हे कशावरून. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या लिफ्टवरून. आमची लिफ्ट महिन्यातून चार वेळा बंद पडते. त्या वेळी न्यायला तयार केलेल्या पेशंटची फेरी रद्द होते आणि तो खरोखर पलंगावर राहतो. अशा चाळीसेक पेशंटांशी त्यांनी मुक्कामी ताडून पाहिला होता. बहुतेक ठिकाणी ठोक्याला ठोका जुळला. लिफ्टचा उपयोग झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मग प्रत्येक फेरीचा फरक फळ्यावर लागू लागला आणि सगळ्यांत कमी फरकाचा म्हणून दीड वर्ष माझंच नाव वर राहिलं. का, तर मी थांबत नाही. आयसीयूच्या दारातून निघालो की थेट लिफ्ट, थेट सिटी स्कॅन. नातेवाईक दारात ताटकळत असतात, त्यांना वाटतं एक क्षण चेहरा दिसावा. मी कुणाला दाखवत नाही. मागच्या महिन्यात एक निवृत्त मास्तर ट्रॉलीच्या बरोबरीने चपला फटफटवत पळाले, बायकोच्या कानात एक वाक्य बोलू द्या म्हणाले. मी म्हटलं, परत आल्यावर बोला. ते बिचारे बोललेही परत आल्यावर, पण माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. नातेवाइकांमध्ये मला दगड म्हणतात. घरीही फार वेगळं म्हणत नाहीत.

मी पहिल्यापासून असा नव्हतो. उलट थांबणारा मामा म्हणून लोक मला शोधत यायचे. कुणी पायावर डोकं ठेवायचं, कुणी तोंडात तीर्थ घालायला बघायचं, ते मी घालू द्यायचो नाही, पण अंगारा लावू द्यायचो. दोन मिनिटांनी काय बिघडतंय, असा माझा हिशेब होता. तो हिशेब नऊ वर्षांपूर्वी माझ्या अंगावर आला.

विलास सुतार नावाचा माणूस होता. चव्वेचाळीस वर्षांचा, फर्निचरचं काम करणारा. माळ्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन चांगलं झालं, आणि पाचव्या दिवशी सकाळी त्याला अचानक धाप लागली. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असावी असा संशय होता. गाठ विरघळवायचं औषध असतं, पण ताज्या ऑपरेशनवर ते दिलं तर रक्त थांबत नाही. म्हणून आधी सिटी स्कॅन करून खात्री करायची ठरली. मी ट्रॉली घेऊन निघालो, बरोबर एक डॉक्टर आणि एक सिस्टर. दारात त्याची बायको मालन उभी होती. पदराच्या गाठीत गावच्या देवाच्या अंगाऱ्याची पुडी. मी थांबलो. तिने गाठ सोडली, त्याच्या कपाळाला अंगारा लावला, छातीवर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात वर कुणीतरी बेल मारली आणि आमच्यासाठी धरलेली लिफ्ट निघून गेली. ती परत यायला वेळ लागला. सगळी मिळून चार मिनिटं गेली. पुढे लिफ्टमध्येच विलास सुतारचं हृदय बंद पडलं. डॉक्टरने तिथेच छाती दाबायला घेतली, तळमजल्यावर दार उघडलं तरी दाबतच होता. काही उपयोग झाला नाही.

त्या डॉक्टरने कागदावर लिहिलं, ‘नातेवाइकांमुळे वाटेत विलंब.’ चौकशी झाली. मी सांगितलं, मीच थांबवली, माझी चूक. मला मेमो मिळाला आणि प्रकरण मिटलं. म्हणजे त्यांच्यापुरतं मिटलं. मी मात्र कानाला खडा लावला.

वर्षभराने ट्रस्टने मालनला नोकरी दिली. चादरींच्या खोलीत मावशी म्हणून. तेव्हापासून आम्ही एकाच मजल्यावर आहोत. रोज समोरासमोर येतो, ती मान हलवते, मी मान हलवतो. आठ वर्षांत चादरी सोडून दुसऱ्या विषयावर एक शब्द नाही. ती मला बघते तेव्हा तिला ती लिफ्ट दिसत असणार, असं मी धरून चाललो होतो. तिला तोंड द्यायची माझी छाती नव्हती.

या वर्षी पावसाळ्याआधी आवटी मॅडमनी मला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं. मॅडम बसा म्हणाल्या की समजायचं काहीतरी अवघड आहे. त्यांचं म्हणणं असं होतं की जुने मॉनिटर ठोका न् ठोका साठवत होते आणि त्या नोंदी अजून आहेत. त्यावरून जुन्या पेशंटांचे मुक्कामी आता तयार करता येतील. नेताना किंवा नेल्यावर तासाभरात दगावलेले एकेचाळीस जण निघाले. त्यातले किती आपल्यामुळे गेले हे एकदा कळायला हवं, म्हणजे पुढच्यांचं तरी टळेल. नियम असा होता की घरच्यांची आणि त्या फेरीतल्या कर्मचाऱ्याची, दोघांची सही पाहिजे. सुतारच्या फेरीतले डॉक्टर आणि सिस्टर कधीच परदेशी गेलेले. उरलो मी.

मी विचारलं, मावशींनी सही केली का. मॅडम म्हणाल्या, त्यांना पत्र देऊन तीन आठवडे झाले, उत्तर नाही. मग म्हणाल्या, “मामा, जबरदस्ती नाही. यंत्र काय सांगेल हे मलाही माहीत नाही. तुमच्या विरुद्धही जाऊ शकतं.”

मी कागद घडी करून खिशात घातला आणि आठ दिवस तसाच वागवला. मनात म्हटलं, नऊ वर्षं आपण समजतोय की आपल्यामुळे माणूस गेला. पण समजणं वेगळं आणि यंत्राने आकड्यात लिहून देणं वेगळं. समजण्यात निदान थोडी शंका असते, रात्री झोप लागते ती त्या शंकेवर. तीही गेली तर उरलं काय? सही करायची नाही, असं मी ठरवलं. आणि मावशींनीही करू नये, हे त्यांना सांगायचं ठरवलं. एवढं सांगायला नऊ वर्षांनी मी त्या चादरींच्या खोलीत गेलो.

दुपारची वेळ होती, त्या उशांना अभ्रे घालत होत्या. मी दारातच उभा राहून पाठ केलेलं बोललो. जुनं उकरून काही फायदा नाही, माणूस परत येत नाही, आपण दोघांनीही नाही म्हणू. त्यांनी उशी खाली ठेवली. मला वाटलं आता शिव्या देणार.

“तुम्ही मला वाचवायला बघताय, मामा,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही वाचवलंत. चौकशीत माझं नाव घेतलं नाहीत.”

मला काही कळेना. मग त्या एकेक करून सांगत गेल्या. त्या दिवशी मी थांबायला तयार नव्हतो, असं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी चाकापुढे पाय घातला म्हणून ट्रॉली थांबली. त्यांनी हात काढायला वेळ लावला म्हणून लिफ्ट गेली. लिफ्ट गेली म्हणून नवरा गेला. एवढं करून मामांनी सगळं स्वतःवर घेतलं, आणि त्यानंतर कधी धड बोलले नाहीत, म्हणजे मनात राग असणारच. नोकरी घेतली तेव्हा भाऊ म्हणाला होता, त्याच इमारतीत कशी जाशील. त्या म्हणाल्या, मला तिथेच जायला पाहिजे. घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. पोरीलाही नाही.

मी चादरींच्या गठ्ठ्यावर बसलो. पाय त्यांनी घातला होता, खरं आहे, मला आठवतं. पण त्याआधीच मी ब्रेक दाबला होता. थांबलेल्या चाकापुढे पाय घातला काय आणि न घातला काय. मी तसं सांगितलं तर त्या ऐकेनात. माझ्यामुळे थांबली, त्या म्हणत होत्या. माझ्यामुळे थांबली, मी म्हणत होतो. दोन शहाणी माणसं एका मरणासाठी भांडत होती, आणि तेही प्रत्येकाला ते आपल्याकडे पाहिजे म्हणून. शेवटी मलाच माझा राग आला. आठ वर्षं ही बाई माझ्यापासून वीस पावलांवर हेच ओझं घेऊन फिरत होती आणि मी मान हलवत होतो.

“मला कळलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “मी केलं असेल तर केलं. पण नक्की काय ते कळलं पाहिजे. तुम्ही सही करणार असाल तर मी करते.”

माझ्या पेनाने दोघांनी उशीवर कागद ठेवून सह्या केल्या.

अकरा दिवसांनी मॅडमनी बोलावलं. मावशी इस्त्रीचं पातळ नेसून आल्या होत्या. मॅडमनी आधी चहा मागवला, पण मावशींनी कपाला हात लावला नाही, आणि माझाही कप तसाच राहिला. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी प्रस्तावना केली नाही.

त्यांनी विलास सुतारांचे तीन सुतार तयार केले होते. पहिला मुक्कामी, पलंगावरून न हललेला. दुसरा दारात न थांबता थेट गेलेला. तिसरा, झालं तसा, चार मिनिटं थांबलेला. शरीराचं गणित एकदा मांडून भागत नाही, म्हणून प्रत्येकाला हजार वेळा चालवून पाहिलं होतं, दर वेळी थोडं इकडे तिकडे करून. थेट गेलेला हजारातून नऊशे सत्त्याऐंशी वेळा तासाभरात दगावला. थांबलेला नऊशे चौऱ्याऐंशी वेळा गेला. आणि पलंगावरचा नऊशे त्र्याऐंशी वेळा. गाठ फार मोठी होती. सकाळी धाप लागली त्याच वेळी तिने फुप्फुसाकडची मोठी वाट बंद केली होती. लिफ्ट दारात उभी असती तरी सिटी स्कॅनच्या टेबलापर्यंत तो पोचला नसता.

मी ते आकडे परत एकदा सांगायला लावले. त्यांनी सांगितले. खरं सांगू का, मला आधी हलकं वाटलंच नाही. आधी संताप आला. एक ओळ लिहून एक माणूस परदेशी निघून गेला आणि इथे दोन माणसं नऊ वर्षं त्या ओळीखाली दबून राहिली. आणि त्यातला मी एक, जो दीड वर्ष फळ्यावरचं आपलं नाव बघून खूश होत होता. मग हळूहळू छातीतलं काहीतरी सुटलं. मी चहा प्यालो. गार झाला होता, पण प्यालो आणि मॅडमचाही पितो का काय असं झालं.

मावशी मात्र तशाच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “मग ते सतरा?”

“कुठले?”

“हजारातले सतरा. पलंगावर असते तर जे वाचले.”

मॅडमनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. त्यांनी समजावलं की त्या सतरा वेळा गाठ आपली आपण फुटली. थांबलेल्यातही सोळा वेळा फुटली आणि थेट गेलेल्यात तेरा वेळा. हा फरक गणिताच्या हेलकाव्याचा आहे, कुणाच्या हाताचा किंवा पायाचा नाही. परत चालवलं तर आकडे थोडे उलटेसुलटेही येतील. मावशींनी मान हलवली. समजलं असावं, पण चेहरा काही सुटेना.

मग मॅडम म्हणाल्या की एक गोष्ट अजून आहे. ती अहवालात घालावी का हे त्यांचं ठरत नव्हतं. खरा माणूस आणि गणितातले तिघे, यांची नाडी सगळीकडे जवळजवळ जुळत होती, एक जागा सोडून. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. नाडी एकशे अडतीस चालली होती. दारात ट्रॉली थांबली. थांबल्यावरही वीस सेकंद एकशे अडतीसच. म्हणजे नुसतं थांबल्याने काही झालं नव्हतं, हे त्यांनी माझ्यासाठी सांगितलं. मग छातीवरच्या तारेची रेघ एकदम गढूळ झाली होती, जाड, केसाळ, जशी कुणी तार हलवली की होते.

“इथे तुम्ही हात ठेवलात,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या तळव्याखाली तार आली, म्हणून रेघ अशी झाली. नाडी आम्हाला बोटावरच्या चिमट्यातून मिळतच होती. ती बघा.”

नाडी खाली येत होती. एकशे तीस, एकशे सव्वीस, एकशे बावीस. श्वासही लांबला होता. तिन्ही गणितांत असं कुठेही झालं नव्हतं. कारण गणितात हाताला जागाच नाही, मॅडम म्हणाल्या. आम्ही ती ठेवली नव्हती, कशी ठेवायची हे आता शिकावं लागेल. गाठीवर याचा परिणाम झाला नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, उगीच गोड बोलल्या नाहीत. पण त्याची तडफड तेवढा वेळ कमी झाली होती, हे नोंदीत होतं. आणि रेघ परत स्वच्छ झाली, म्हणजे हात उचलला गेला, तेव्हापासून नाडी पुन्हा चढायला लागली होती.

मावशी उठून पडद्याजवळ गेल्या. त्या गढूळ रेघेवर बोट ठेवून त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या.

“हा माझा हात?”

मॅडम हो म्हणाल्या.

“किती वेळ आहे?”

“एक मिनिट बावन्न सेकंद.”

मावशींनी ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण त्या रडत होत्या असं मी म्हणणार नाही, कारण चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला होता.

“मला वाटायचं फार वेळ ठेवला,” त्या म्हणाल्या. “एवढाच? मग काय घाई होती मला काढायची.”